खेळाच्या दुकानातला कामगार कुशल कामगार आहे

एप्रिलच्या मध्यापासून क्रिकेटची उन्हाळी शिबिरे भरू लागतात आणि खेळाच्या दुकानात रोज एकच विनंती कानावर येते: हेल्मेट एक साइज मोठेच द्या, म्हणजे दोन वर्षे बघायला नको. शाळेच्या गणवेशाला ही काटकसर चालते, हेल्मेटला नाही. सैल हेल्मेट चेंडू लागताक्षणी डोक्यावर फिरते, पुढची कड डोळ्यांवर उतरते आणि जाळी नाकागालावर दाबली जाते. त्याहून मोठा धोका हेल्मेटची कड आणि जाळी यांच्यामधल्या फटीचा. मोठ्या पुरुषांच्या सामन्यातला चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा, आणि घेरानेही लहान. मोठ्यांच्या हेल्मेटची चाचणी मोठ्या चेंडूवर झालेली असते, त्यामुळे तीच जाळी लहान चेंडू अडवेल याची खात्री देता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मानेवर चेंडू लागून ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांचा मृत्यू झाला, तेव्हापासून हेल्मेटच्या मागे मानेचे कवच लावण्याचा आग्रह वाढला. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हेल्मेट घालायचे तर ते बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकाचेच लागते. आपल्या गल्लीतल्या शिबिराला असा नियम लावणारे कोणी नाही. तिथे मुलाच्या डोक्याची काळजी घेणारा शेवटचा जाणता माणूस म्हणजे दुकानातला काउंटरवरचा कामगार.

त्याने काय करायचे असते? भुवयांच्या किंचित वरून टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. हेल्मेट चढवून पट्टा उघडाच ठेवायचा आणि मुलाला मान जोरात हलवायला सांगायची. हेल्मेट जागचे सरकले की साइज चुकली. मग हेल्मेटची पुढची कड आणि जाळीची वरची सळई यांच्यामधून मुलांचा चेंडू आत जातो का, हे प्रत्यक्ष चेंडू धरून पाहायचे. पट्टा हनुवटीखाली बसतो की गळ्यावर येतो ते बघायचे. जोराचा चेंडू बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलायचे, हे पालकांना सांगायचे. यात सात-आठ मिनिटे जातात आणि पुष्कळदा शेवटी स्वस्त, लहान साइजचे हेल्मेट विकले जाते. एवढे करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर हुद्दा असतो 'हेल्पर', आणि महिन्याअखेरीस त्याला विचारले जाते की टार्गेट का भरले नाही.

म्हणणे सरळ आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानातले काम कुशल काम आहे. किमान वेतनाच्या वर्गवारीत ते तसे धरले जावे, आणि विक्रीच्या आकड्यावर बांधलेला पगार या धंद्यातून जावा, कारण तो थेट ग्राहकाच्या सुरक्षिततेच्या विरुद्ध काम करतो.

कौशल्य म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवण्याच्या, मशीनपाशी थोडा वेळ उभे राहावे. बॅडमिंटनच्या एका रॅकेटला साधारण १० मीटर गट लागते. २०० मीटरच्या रिळात वीस रॅकेटी होतात. जुनी गट कापताना मधून सुरुवात करून कडेकडे जायचे. एका बाजूची गट आधी कापली तर उरलेल्या बाजूचा ताण फ्रेम वाकडी करतो. मग एकेक ग्रोमेट, म्हणजे गट जिच्यातून जाते ती फ्रेमच्या भोकातली प्लास्टिकची नळी, बोटाने तपासायचा. चिरलेला किंवा आत दबलेला ग्रोमेट तसाच राहिला, तर कार्बनच्या धारेवर घासून नवी गट आठ दिवसांत तिथेच तुटते आणि ग्राहक म्हणतो, गट खराब होती. फ्रेम मशीनवर सहा ठिकाणी आवळायची. ती हलणार नाही इतकी घट्ट आणि दबणार नाही इतकी सैल. उभ्या गटी मधून बाहेर, डावी-उजवी आलटून पालटून ओढायच्या. एका बाजूला दोन-तीनच्या पुढे गेलात की फ्रेमला पीळ पडतो. आडव्या गटी सहसा वरून खाली आणतात. खालून वर गेल्यास दाब फ्रेमच्या वरच्या टोकाकडे साचून ती तिथे तडकण्याची भीती असते. आडव्या गटीला उभ्यापेक्षा एक-दोन पाउंड जास्त ताण देतात, म्हणजे फ्रेमचा आकार टिकतो. वजनाच्या दांडीचे मशीन असेल तर प्रत्येक ओढीला दांडी आडवी, जमिनीला समांतर थांबली पाहिजे; ती खाली झुकली किंवा वर राहिली की काट्यावर २४ दिसले तरी गटीत २४ नसते. इलेक्ट्रॉनिक मशीनसुद्धा अधूनमधून स्प्रिंगच्या काट्याने पडताळावे लागते. हे सगळे सरावलेल्या हाताला तीस-चाळीस मिनिटे घेते, आणि गट ओढून ओढून बोटांच्या पेरांना चिरा पडतात त्या वेगळ्याच.

हातापेक्षा अवघड भाग बोलण्याचा. सहा महिने खेळणारा मुलगा २८ पाउंड मागतो, कारण त्याने मोठ्या खेळाडूंचा आकडा कुठेतरी वाचलेला असतो. ताण वाढला की रॅकेटवरची चांगली उसळी देणारी मधली जागा आक्रसते, शटल मधोमध लागले नाही तर हाताला झटका बसतो, मनगट आणि कोपर दुखू लागते. त्याला २२ ते २४ पुरते. शिवाय प्रत्येक रॅकेटच्या दांड्याजवळ कंपनीने जास्तीत जास्त ताण छापलेला असतो. त्यापुढे ओढून फ्रेम मोडली तर भरपाई मिळत नाही. जोड असलेली, अॅल्युमिनियमची स्वस्त रॅकेट तर २० पाउंडांच्या वरही नेऊ नये. आणि गट तुटली की उरलेली तिथल्या तिथे कापून टाकायची, हे दुकानात सांगितले नाही तर रॅकेट आठवडाभर पिशवीत राहते आणि वाकडी होऊन परत येते. शटलचेही तसेच. ७६ क्रमांकाचे हळू, ७८ चे वेगवान. उष्ण आणि विरळ हवेत शटल लांब जाते, म्हणून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात मे महिन्यात शटलची एक नळी, म्हणजे एका वेगाचा डबा, आणि डिसेंबरमध्ये दुसरी. कसोटीचा नियम साधा आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेले शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडले पाहिजे. ज्याला हे माहीत आहे तो क्लबला डझनाच्या डझन चुकीच्या नळ्या विकत नाही.

बॅटची कथा याहून लांब आहे. त्यातला एकच भाग सांगतो. इंग्लिश विलो या लाकडाची नवी बॅट घेऊन मुलगा दुसऱ्या दिवशी नेटमध्ये उतरतो आणि तिसऱ्या दिवशी कडेला तडा घेऊन दुकानात येतो. तडा लाकडामुळे नव्हे, घाईमुळे गेलेला असतो. कच्चे जवसाचे तेल, उकळलेले नव्हे, चमचाभर घेऊन पुढच्या बाजूला, कडांना आणि टोकाला पातळ चोळायचे. हँडल, स्टिकर आणि हँडल पात्यात बसते तो सांधा यांना तेल लागू द्यायचे नाही. तिथला चिकटवलेला जोड सैल होतो. रात्रभर बॅट आडवी ठेवायची, असे दोनतीनदा. पुढच्या बाजूला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर फक्त उघड्या लाकडाला तेल. मग मॅलेटने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकणे, यालाच नॉकिंग म्हणतात: आधी हलके, नंतर जोर वाढवत, एकूण चार ते सहा तास. कडांवर सरळ घाव घालायचा नाही, तिरका घालून कडा गोलसर दाबायच्या. त्यानंतर जुना चेंडू, हलके फटके; शिवणीच्या खुणा खोल उमटल्या की पुन्हा मॅलेट. 'मशीनने नॉक केलेली' असे लिहिलेल्या बॅटलासुद्धा हातचे ठोकणे लागतेच. पावसाळ्यात ओल्या मैदानावर टोक पाणी पिऊन फुगते, म्हणून टोकाला रबरी गार्ड. मेरठ-जालंधरहून आलेली बॅट ग्राहकाच्या हाती टिकते की मोडते, हे या शेवटच्या टप्प्यात ठरते आणि तो टप्पा दुकानातल्या कामगाराचा आहे. टेनिस चेंडूवर खेळणाऱ्याला इंग्लिश विलो घेऊ नको, काश्मीर विलो पुरे, असे सांगणेही त्याचेच काम. त्या एका वाक्याने दुकानाचे बिल निम्म्याहून खाली येते.

बूट आणि फुटबॉल यांतही हेच. पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय फुगतो. दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाला बूट द्यावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. कृत्रिम टर्फवर लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट दिले तर स्टड रुततो, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो; तिथे बारीक रबरी दाण्यांचे टर्फ बूट हवेत. फुटबॉलमध्ये हवा भरताना सुई ओली केली नाही की व्हॉल्व्ह फाटतो.

आता पगाराकडे. बहुतेक ठिकाणी मूळ पगार बेताचा ठेवून वर टार्गेट आणि कंपन्यांच्या स्कीम असतात: अमुक ब्रँडचे इतके जोड विकले तर इतके रुपये. पडून राहिलेला माल काढायलाही अशीच स्कीम येते. समजा, योग्य साइजचे हेल्मेट १,८०० रुपयांचे आहे आणि स्कीममधले, मुलाला सैल होणारे, ३,५०० चे. तेच मोठे हेल्मेट हवे म्हणून पालक स्वतःच आग्रह धरत आहेत. कामगाराने खरे बोलावे तर त्याचे स्वतःचे पैसे जातात, गप्प राहावे तर मिळतात. माणूस प्रामाणिक आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. अशी रचना प्रामाणिक माणसाला दर महिन्याला दंड करते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टने जास्त किमतीच्या गोळीवर कमिशन घेऊन सल्ला द्यावा, हे आपण मान्य करणार नाही. ज्या वस्तूवर मुलाचे डोके, गुडघा किंवा डोळा अवलंबून आहे, तिथेही ते मान्य होऊ नये. निदान हेल्मेट, पॅड, गार्ड, स्टडचे बूट आणि लहान मुलांचे साहित्य एवढ्या वस्तू तरी स्कीममधून पूर्ण बाहेर काढाव्यात.

कायद्याची बाजू. महाराष्ट्रात दुकाने व वाणिज्यिक आस्थापनांसाठी किमान वेतन परिमंडळानुसार ठरते, त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दुकान दोन माणसांचे असले तरी किमान वेतन लागू आहे. मेख वर्गवारीत आहे. नियुक्तीपत्रावर, तेही मिळाले तर, 'हेल्पर' लिहिले की गटिंग करणारा, माप घेणारा, बॅट दुरुस्त करणारा माणूस अकुशल ठरतो. ही वर्गवारी हुद्द्याच्या नावावरून न करता कामावरून व्हावी: जो मशीनवर गटिंग करतो, संरक्षक साहित्य मापून देतो किंवा दुरुस्ती करतो तो कुशल. कामगार विभागाने अधिसूचनेत एवढे एक वाक्य घातले तरी तपासणी अधिकाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळेल.

कामाच्या तासांचे दुखणे वेगळे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुटी, ८ नैमित्तिक रजा, अशी त्याची मूळ तरतूद. पण तो १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर आणि दिवसाचे तास १० वर नेण्याचा निर्णय घेतला. पेठेतल्या खेळाच्या दुकानात चार-सहा माणसे असतात. म्हणजे मुंबईच्या धोबीतलावापासून तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या दुकानापर्यंत बहुतेक कामगार या संरक्षणाच्या बाहेर आहेत. हा निर्णय उलट दिशेचा आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. किमान विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाचा दर या तीन गोष्टींना कामगारांच्या संख्येची अट असू नये.

बसण्याचा हक्कही त्यातच येतो. कोझिकोडच्या दुकानांतल्या स्त्री-कामगारांनी लढा दिला आणि केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायची सोय देणे बंधनकारक केले; तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. महाराष्ट्राला असा कायदा करायला कोणी अडवलेले नाही. खेळाच्या दुकानात बूट घालून दाखवताना दिवसाकाठी शेकडो वेळा वाकावे लागते, वरच्या फळीवरून खोकी काढावी लागतात, डंबेल आणि वजनाच्या प्लेट्स हलवाव्या लागतात. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात स्टुलावर बसलेला माणूस आळशी दिसतो, ही समजूत मालकांनी आणि गिऱ्हाइकांनीही सोडावी.

स्त्री-कामगारांचा मुद्दा इथे नुसता समानतेचा नाही, तो कामाचा आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, मुली क्रिकेट-फुटबॉलकडे वळत आहेत, पण खेळाच्या ब्राचे माप घ्यायला दुकानात बाई नसते. छातीखालचा घेर आणि छातीचा घेर अशी दोन मापे घेऊन, पट्टी बसते की वर सरकते हे उड्या मारून पाहायचे असते. पुरुष कामगारासमोर मुलगी अंदाजाने साइज सांगते आणि निघते. पट्टी काचते, खेळताना दुखते आणि पुष्कळ मुली सराव कमी करतात. बाई ठेवायची तर स्वच्छतागृह आणि रात्री नऊनंतर घरी जायची सोय लागते. तो खर्च दुकानाने टाळायचा नसतो.

मालकांची अडचण खरी आहे, तीही बघितली पाहिजे. गिऱ्हाईक दुकानात तीन जोड घालून बघते आणि त्याच साइजचा बूट फोनवर मागवते. छापील किमतीवर सूट दिल्याशिवाय कोणी थांबत नाही, भाडे वाढते, मोसम दोन-तीन महिन्यांचा. अशा वेळी कामगाराचा पगार वाढवा म्हणणे सोपे आणि देणे अवघड. पण ऑनलाइन दुकान जे देऊ शकत नाही ते नेमके याच कामगाराच्या हातात आहे, आणि तेच आज फुकट वाटले जाते. माप घेण्याचे ठरावीक शुल्क लावावे, वस्तू घेतली तर ते बिलातून वजा करावे. नॉकिंग, हँडलची ग्रिप, ग्रोमेट बदलणे, गटिंग यांची मजुरी फलकावर लिहावी आणि तिचा निम्मा वाटा काम करणाऱ्याला नावानिशी मिळावा. टार्गेटच्या जागी हे आले तर कामगाराची कमाई कामाच्या दर्जाशी जोडली जाते: चांगली गटिंग झाली की खेळाडू त्याच हाताकडे परत येतो. ग्राहक पैसे देणार नाहीत असे म्हणतात, पण मोबाइलची काच बदलायला आणि सायकलची गिअर जुळवायला आपण मजुरी देतोच.

'शिकवून काय उपयोग, पोरगा सहा महिन्यांत सोडून जातो' ही दुसरी तक्रार. तो जातो कारण सातव्या महिन्यात त्याला पहिल्याइतकाच पगार असतो. शिकवण्याला वेळही आहे. जून ते सप्टेंबर क्रिकेटचा माल हलत नाही. त्या काळात माणसे कमी करण्याऐवजी जुन्या फ्रेमवर गटिंगचा सराव द्यावा, लेदर चेंडूंना बुरशी न येऊ देणे, कॅरमचे बोर्ड ओलीने न वाकतील असे ठेवणे, नव्या मानकांची माहिती घेणे हे करावे. पंचवीस-तीस फ्रेम नीट ओढल्याशिवाय कोणाच्या हाती गिऱ्हाइकाची रॅकेट देऊ नये. सरकारी मदतही आहे: शिकाऊ उमेदवार नियमांतल्या २०१९ च्या बदलानंतर ४ ते २९ कामगारांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार ऐच्छिक ठेवता येतो, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र उचलते. किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात बिल, मांडणी आणि बोलणे शिकवतात. त्यात खेळाच्या साहित्याचा स्वतंत्र भाग हवा, आणि त्याची परीक्षा मशीनवर आणि मापाच्या टेपने घेतली जावी, कागदावर नव्हे.

या कौशल्याची सार्वजनिक किंमत सर्वांत जास्त दिसते ती शाळांच्या खरेदीत. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. शिक्षक तीन दरपत्रके मागवतात, सर्वांत कमी दराला माल येतो. चौथीच्या मुलांना ५ नंबरचा फुटबॉल येतो, जो त्यांच्या पायाला जड. लेदरचा चेंडू येतो आणि पॅड येत नाहीत. पंप येतो आणि सुया येत नाहीत, म्हणून दिवाळीपर्यंत सगळे चेंडू बसलेले असतात. जाणत्या कामगाराला पाच हजारांत वर्ग खेळवता येतो: ३ आणि ४ नंबरचे रबरी फुटबॉल, टेनिकॉइटच्या रिंगा, उडीच्या दोऱ्या, प्लास्टिकची बॅट-बॉलची जोडी, मार्किंगचे कोन, पंप आणि त्याबरोबर पाच जास्तीच्या सुया. दरपत्रकाच्या नमुन्यात वस्तूसोबत नंबर, वजन, मुलांची इयत्ता आणि सुटे भाग लिहिणे शिक्षण विभागाने सक्तीचे करावे. माल पोहोचवल्यावर दुकानाच्या माणसाने शाळेत तासभर थांबून हवा भरणे, जाळी बांधणे आणि पावसाळ्यात साहित्य कसे ठेवायचे हे दाखवावे, अशी अट खरेदीच्या आदेशात असावी. त्या तासाचा दर आदेशातच वेगळा छापावा आणि तो त्या कामगाराला मिळाल्याची पावती शाळेने बिलासोबत जोडावी.